नाव एकाचं, गाडी भलत्याची

"ऐकलंत का ताई, काल पुन्हा गिऱ्हाईक आलं आणि यांनी पुन्हा हात हलवत परत पाठवलं."

वहिनींनी मेंदीच्या कुंपणावरून ही खबर दिली, पण आवाज असा लावला की पोर्चमध्ये बसलेल्या अप्पांच्याही कानावर पडावी. गिऱ्हाईक कशाचं, हे आमच्या आळीत कुणाला विचारावं लागत नाही. अप्पांची लाल स्पार्क. शेव्हरोले स्पार्क, २००९ ची. कंपनी देश सोडून गेली, इथल्या तळेगावच्या कारखान्यावर दुसऱ्याची पाटी लागली, जिथून गाडी घेतली त्या शोरूममध्ये आता सोफे मिळतात. आणि अप्पा मात्र दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन गाडीच्या जाळीवरचा सोनेरी बिल्ला घासत असतात.

"किती म्हणत होता?" मी विचारलं.

"सांगायची लाज वाटते," अप्पा तिथूनच म्हणाले. "भंगारवाला वजनावर त्याच्यापेक्षा जास्त देईल."

"मग द्या भंगारवाल्याला!" वहिनी.

एवढं झालं की अप्पा खांद्यावर फडकं टाकून कुंपणाशी येतात, आणि मग तासाभराची निश्चिंती. लोकांना आपल्या भाऊबंदांची जेवढी माहिती नसते तेवढी अप्पांना या शेव्हरोलेच्या घराण्याची आहे. पिंपरीला टूलरूममध्ये हयात गेली, तिथून हा मोटारींचा नाद लागला. सांगतात असं, की डेट्रॉइट म्हणजे जणू इंदुरीच्या पलीकडचं गाव आणि तिथली सगळी मंडळी यांच्याच सोयऱ्यांपैकी.

"ज्याच्या नावाची गाडी, त्याला तरी कुठे नांदवलं त्यांनी," अप्पांनी सुरुवात केली. "लुई शेव्हरोले मूळचा अमेरिकन नव्हेच. १८७८ सालचा, ऐन नाताळच्या दिवशी जन्मलेला, स्वित्झर्लंडचा. बाप घड्याळजी. पोरगं वाढलं फ्रान्सात, सायकलच्या शर्यती मारायला लागलं, मग मोटारींच्या मागे लागून गेलं अमेरिकेत. अंगापिंडाने दांडगा, ओठावर भरघोस मिशा, आणि गाडी पळवायला बसला की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. त्याला हेरला त्या ड्युरंटने."

"हा कोण?" वहिनींनी विचारलं. ही कथा त्यांनी किती वेळा ऐकली असेल देव जाणे, पण दर वेळी त्या याच ठिकाणी हेच विचारतात.

"विल्यम ड्युरंट. फ्लिंट गावचा. घोडागाड्यांच्या धंद्यात गबर झाला, मग ब्युइक कंपनी हाताखाली घेतली, १९०८ मध्ये जनरल मोटर्स उभी केली. बोलायला मिठ्ठास, पण हाताला धरबंध नाही. दिसेल ती कंपनी विकत घेत सुटला. कर्ज गळ्यापर्यंत आलं, तेव्हा १९१० मध्ये बँकवाल्यांनी त्याच्याच कंपनीतून त्याला बाहेर बसवला."

"सावकार काय कुणाचा सगा असतो," वहिनी म्हणाल्या.

"पण तो बसणारा नव्हता. दुसऱ्याच वर्षी, १९११ च्या नोव्हेंबरात, लुईला हाताशी धरून नवी कंपनी काढली. शर्यतींमुळे लुईचं नाव गाजत होतं, म्हणून कंपनीला नाव त्याचं. पैसा ड्युरंटचा, हिशेब ड्युरंटचा. आता गंमत बघा. लुईला मोठी, दमदार, सहा सिलिंडरची गाडी करायची होती. केली. क्लासिक सिक्स. किंमत दोन हजार डॉलरच्या वर. फोर्डची मॉडेल टी तेव्हा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळत होती. ड्युरंट म्हणाला, बाबा रे, मला शिक्षकाला, शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी पाहिजे. हा म्हणाला, माझ्या नावाची स्वस्त गाडी निघता कामा नये. झालं, वाजलं दोघांचं."

"आणि ती सिगारेट?" मी आठवण करून दिली.

"हां! ती गोष्ट सगळे सांगतात. लुईच्या ओठाला कायम सिगारेट चिकटलेली. ड्युरंटचं म्हणणं, तू आता मोठ्या कंपनीचा माणूस झालास, सिगार ओढ, शोभेल असं वाग. लुईने ऐकवलं की गाडी विकली, नाव विकलं, पण मी स्वतः काही विकाऊ नाही. आणि १९१३ च्या सुमाराला निघून गेला. नाव मात्र तिथंच सोडून."

"नावाचे काही पैसे?"

"शेअर होते, तेही विकून बसला. दोन वर्षांनी ड्युरंटने ४९० डॉलरची गाडी काढली, तिचं नावच ४९०. तुफान खपली. शेअरचे भाव चढले ते चढलेच. त्याच शेअरच्या जोरावर ड्युरंटने जनरल मोटर्सचे शेअर गोळा केले आणि १९१६ मध्ये पुन्हा तिच्या गादीवर जाऊन बसला. धाकटीने थोरलीला गिळलं म्हणा ना."

या ड्युरंटबद्दल माझा सगळ्यात आवडता किस्सा आहे तो अप्पा घासतात त्या बिल्ल्याचा. आडव्या फुलीसारखं, बो-टायसारखं ते चिन्ह १९१३ पासून गाड्यांवर आहे. ते आलं कुठून? ड्युरंट स्वतः सांगायचा, फ्रान्समधल्या हॉटेलात भिंतीवरच्या कागदावर ती नक्षी दिसली, मी तुकडा फाडून खिशात घातला. बायको सांगायची, छे, आम्ही सुट्टीला गेलो होतो, तिथं वर्तमानपत्रात एका कोळशाच्या जाहिरातीत त्यांनी ते पाहिलं. आणि मुलीने तर बापावरच्या पुस्तकात लिहिलं की जेवताना कागदावर रेघोट्या ओढायची त्यांना सवय होती, त्यातच ते निघालं. एका घरातली तीन माणसं, तीन तऱ्हा.

"बायकोचं खरं असणार," वहिनींनी निकाल दिला. "पुरुषांना हॉटेलातलं काहीतरी सांगायला बरं वाटतं."

पुढचं अप्पा भराभर उरकतात, कारण त्यांना ते आवडत नाही. १९२० मध्ये ड्युरंट दुसऱ्यांदा हाकलला गेला, शेअर बाजारात बुडाला, १९३६ मध्ये दिवाळं निघालं, आणि म्हातारपणी फ्लिंटमध्येच बोलिंगच्या खेळाचा हॉल चालवत होता. लुईचा धाकटा भाऊ गॅस्टन १९२० ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी दुसऱ्या शर्यतीत गेला. लुईच्या स्वतःच्या कंपन्या एकामागून एक बसल्या. तिशीच्या मंदीत तो मेकॅनिक म्हणून कामाला लागला. कुठे, तर शेव्हरोलेच्या कारखान्यात. १९४१ मध्ये गेला तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं.

"बिल्ल्यावर नाव आणि हजेरीपटावरही नाव," अप्पा म्हणाले. "पगार मात्र हजेरीपटाचा."

खरं तर आमच्याही घराण्याचा या कंपनीशी जुना संबंध आहे, आणि अप्पांना तो ऐकायला फार आवडतो. लोकांना वाटतं की शेव्हरोले महाराष्ट्रात आली ती तळेगावला. अहो, जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईला शिवडीत कारखाना घातला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत जोडून गाड्या, ट्रक बाहेर पडायचे. माझे आजोबा गिरगावात एका शेटजींकडे ड्रायव्हर होते, त्यांच्या ताब्यात तसलीच शेव्हरोले. सहा सिलिंडरची. १९२९ पासून कंपनीने चार सिलिंडरच्या भावात सहा द्यायला सुरुवात केली होती आणि ते इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. आजोबांनी आम्हा नातवंडांना गाडी काही शिकवली नाही, पण हँडल मारायचं कसं ते मात्र लाटणं हातात देऊन शिकवलं होतं. बॅटरी उतरली की पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं. तेव्हा अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर आवळलेल्या अंगठ्यासकट मनगट मोडतं. आणि कधीही खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं. अजूनही माझा अंगठा लाटणं धरताना कधीकधी बोटांच्या बाजूला जातो.

तो शिवडीचा कारखानाही टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने टॅरिफ कमिशनच्या सल्ल्यावरून भूमिका घेतली की नुसते भाग आणून जोडायचे असतील तर नको. इथेच गाडी बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनी राहावं. फोर्ड गेली, आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सनेही गाशा गुंडाळला. यात सरकार चुकलं असं मला वाटत नाही. कुर्ल्याला वालचंद शेटच्या प्रीमियरवाल्यांनी, कलकत्त्याकडे बिर्लांनी गाड्या बनवायचं अंगावर घेतलंच होतं की. ज्यांना राहायचं होतं ते राहिले.

"तेव्हाच ओळखायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या, "की यांचा पाय काही घरात ठरत नाही."

तेवढ्यात समोरच्या बंगल्यातला धाकटा भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी थांबला. हा त्या तळेगावच्या कारखान्यात असेंब्ली लाइनला होता, आता चाकणला जातो. त्याला बघून अप्पांनी आवाज उतरवला, आणि विषय परत अमेरिकेत नेला. त्याच्यासमोर ते २०२० बद्दल बोलत नाहीत.

"तुला ती व्हेगाची रेल्वे सांगितली का रे?"

"सांगितली अप्पा, पण काकूंना सांगा."

ही व्हेगा म्हणजे १९७० मध्ये काढलेली लहान शेव्हरोले. जपानी आणि जर्मन लहान गाड्यांना तोंड द्यायला घाईघाईने आणली. गाडी इतकी स्वस्त विकायची की वाहतुकीतही पैसा वाचवायचा. म्हणून रेल्वेचे खास डबे केले, त्यात गाड्या उभ्या टांगायच्या, नाक खाली आणि शेपूट वर. एका डब्यात तीस. आता गाडी उभी टांगली की सांडायचं ते सगळं सांडणार. म्हणून बॅटरीची झाकणं मागच्या कडेला नेली, काच धुवायच्या पाण्याची बाटली तिरपी बसवली, इंजिनात तेल भलतीकडे जाऊ नये म्हणून आडवा पत्रा घातला, आणि इंजिन जागचं हलू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाचरी मारल्या. पोचल्यावर पाचरी काढायच्या, गाडी सरळ करायची, आणि तशीच चालवत न्यायची.

"डोकं बघा!" अप्पांच्या डोळ्यांत टूलरूमची चमक आली. "माल उतरवला की किल्ली मारली की चालू."

"आणि मग?"

"मग काय. इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सिलिंडरला आतून लोखंडी लायनर नाही. गाडी तापली की ब्लॉक वाकायचा, मग तेल प्यायला लागायची. आणि पत्रा म्हणाल तर दोन हिवाळ्यांत गंजून जाळी. ओहायोतल्या लॉर्डस्टाउनच्या कारखान्यात तासाला शंभर गाड्या काढायचा बेत होता. म्हणजे एका माणसाच्या पुढ्यातून दर छत्तीस सेकंदांना एक गाडी सरकणार. कामगारांनी १९७२ मध्ये संप केला."

समोरचा धाकटा हसला. "छत्तीस सेकंद म्हणजे अप्पा, नाक खाजलं तर एक गाडी गेली."

संध्याकाळ कलायला लागली होती, पण अप्पांचं मीटर चालूच. मला त्यांची कॉर्व्हेरची गोष्ट हवी होती, कारण चहाड्यांच्या बाबतीत तिच्यासारखी दुसरी नाही. १९६० ची ही गाडी, इंजिन मागच्या बाजूला, पाण्याऐवजी हवेने थंड होणारं. सुरुवातीच्या वर्षांत तिचं मागचं सस्पेन्शन असं होतं की वळणावर मागची चाकं आतल्या बाजूला दुमडायची. राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने १९६५ मध्ये मोटारींच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर. कंपनीने काय करावं? गाडी दुरुस्त करावी, उत्तर द्यावं. यांनी त्या पोराच्या मागे गुप्तहेर लावले! तो कुणाशी बोलतो, कुठे जेवतो, कुठल्या बायका त्याच्याकडे येतात, काही लफडं सापडतं का. काही सापडलं नाही. उलट हेच बाहेर फुटलं, आणि १९६६ च्या मार्चमध्ये जनरल मोटर्सच्या अध्यक्षाला सिनेटच्या समितीपुढे उभं राहून माफी मागावी लागली. नेडरने दावा ठोकला, त्यात त्याला सव्वाचार लाख डॉलर मिळाले, ते त्याने पुन्हा असल्याच कंपन्यांच्या मागे लागायला वापरले.

"म्हणजे त्यांच्याच पैशाने त्यांच्यावर पाळत!" वहिनींना हा भाग फार भावतो.

"आणि गाडीचं पुढं असं झालं," अप्पा म्हणाले, "की १९७२ मध्ये सरकारी तपासणी झाली, त्यात निघालं की कॉर्व्हेर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा काही वाईट नव्हती. पण तोवर ती बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आता तिचे शौकीन ती जपून ठेवतात."

मी वहिनींच्या कमरेच्या जुडग्याकडे बघत होते. घरच्या, कपाटाच्या, माळ्यावरच्या ट्रंकेच्या, माहेरच्या अशा सगळ्या किल्ल्या आणि वर पितळेचा गणपती. "वहिनी, तुम्ही तिकडे असतात तर तुम्हाला शेव्हरोलेवाल्यांनी पत्र पाठवलं असतं," मी म्हटलं. थट्टा नव्हती ती. कोबाल्ट नावाच्या त्यांच्या गाडीत किल्लीचा स्विच इतका सैल बसवला होता की जड जुडग्याच्या ओढीने, नाहीतर रस्त्यावरच्या धक्क्याने किल्ली चालू अवस्थेतून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि ठोकर बसली तर एअरबॅग फुगायच्याच नाहीत. २००६ मध्ये एका इंजिनिअरने गुपचूप तो भाग सुधारला, पण भागाचा नंबर तोच ठेवला, म्हणून पुढे शोध घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं काही उलगडेना. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. गाडी दुरुस्त होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं, जुडगं काढा, किल्ली एकटी लावा.

वहिनींनी जुडगं पदराखाली घेतलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"आपल्याकडे टवेराचंही झालंच की," धाकटा म्हणाला. त्याचे मामा नारायणगावचे, त्यांची टवेरा अष्टविनायकाच्या फेऱ्या मारून मारून मीटर थांबलेल्या अवस्थेत आहे, पण गाडी चालू आहे. मागे समोरासमोर बसून दहा माणसं, टपावर बोचकी, आणि ओझरचा चढ दुसऱ्या गिअरवर. टवेरा म्हणजे मुळात जपानच्या इसुझूची गाडी, बिल्ला शेव्हरोलेचा. २०१३ च्या जुलैमध्ये कंपनीने २००५ पासूनच्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. कारण त्यांच्याच चौकशीत निघालं की सरकारी तपासणीला पाठवायच्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवली जायची आणि वजनही खरं सांगितलं जात नव्हतं. अमेरिकेतल्या वरच्या साहेबापर्यंत माणसं घरी गेली.

"मामांनी नेली का गाडी परत?"

"मामा म्हणाले, सीझन संपू दे."

मग अप्पांनी आपल्या स्पार्कची कुळी सांगितली, आणि इथे मी नेहमी हरते. स्पार्क ही अमेरिकेची गाडीच नव्हे. ती कोरियाच्या देवूची मटीझ. देवूने ती भारतात १९९८ मध्ये आणली होती, मग देवूच बुडाली आणि इथल्या मटीझवाल्यांचे हाल झाले. जनरल मोटर्सने देवूचा मोटारधंदा घेतला आणि मटीझची नवी आवृत्ती २००७ मध्ये आपल्याकडे स्पार्क म्हणून आली. ऑप्ट्राही देवूची, एव्हिओही देवूची. शेव्हरोले हे नाव आपल्याकडे २००३ मध्ये आलं. त्याआधी हीच कंपनी गुजरातेत हलोलला ओपेल विकत होती. एवढं सगळं माहीत असून अप्पांनी तीच गाडी घेतली.

"कारण मी मटीझ चालवली होती," ते म्हणाले. "चालवायला हलकी, वळायला छोटी, बसायला उंच. तुमची वहिनी साडी नेसून सरळ आत बसते आणि सरळ बाहेर पडते. हे बघायचं असतं. देश कुठला, ते काय बघायचं?"

वहिनींनी याला विरोध केला नाही, हे मी टिपून ठेवलं.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये इथला कारखाना सुरू झाला, वर्षाला १ लाख ४० हजार गाड्या काढायचा. स्पार्क निघाली, मग बीट. गावात भाड्याच्या खोल्यांचे भाव चढले, मेसवाल्या बायकांचे डबे वाढले. तेवढ्या गाड्या इथे कधी खपल्या नाहीत. २०१७ च्या मेमध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीपासून भारतात गाड्या विकणार नाही. सर्व्हिस आणि भाग मिळत राहतील. त्यानंतर तीनेक वर्षं तळेगावात गाड्या बनत होत्या, पण त्या तळेगावकराला विकत मिळायच्या नाहीत. बहुतेक मेक्सिकोला.

"स्टिअरिंग डाव्या हाताला," धाकटा मध्येच म्हणाला. तो या विषयावर क्वचित बोलतो. "आम्ही लाइनच्या शेवटी बसून चालवायचो ना यार्डापर्यंत, तर हात सवयीने डावीकडे जायचा. दाराची काच हाताला लागायची. रात्रपाळीला फार व्हायचं."

२०२० च्या २४ डिसेंबरला शेवटची गाडी निघाली. हजाराच्या वर कायम कामगार होते, त्यांचा वाद कोर्टात गेला. कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला द्यायचं ठरलं होतं, पण सीमेवर तणाव झाल्यावर सरकारी परवानगी काही आली नाही आणि तो सौदा २०२२ मध्ये मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईने घेतला. एवढंच बोलून आम्ही पुढे सरकलो.

"आता तुमच्या या म्हातारीचे भाग कोण देणार?" मी अप्पांना विचारलं.

"क्यूबावाल्यांना कोण देतं?" अप्पा तयारच होते. हवाना शहरात १९५० च्या दशकातल्या शेव्हरोले अजून भाड्याने फिरतात. १९५९ ची क्रांती झाली, पाठोपाठ अमेरिकेने व्यापार तोडला, आणि तिथल्या गाड्यांना एक बोल्टसुद्धा कंपनीकडून मिळेना. त्यांनी बेल एअरच्या बॉनेटखाली रशियन इंजिनं बसवली, कुठे डिझेलची बसवली, काही भाग हाताने ठोकून केले. आज सहा-सहा माणसं भरून ठरल्या रस्त्यावर त्या गाड्या धावतात. "आपल्या वडापासारख्या," धाकटा म्हणाला. अप्पांचं म्हणणं, लुई शेव्हरोले आज असता तर त्याला डेट्रॉइटपेक्षा हवानात जास्त करमलं असतं.

आणि भागांसाठी त्यांचं स्वतःचं हवाना म्हणजे पुण्याची नाना पेठ, तिथं नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. गेल्या महिन्यात पुढच्या डाव्या दाराचं हँडल तुटलं. एका गॅरेजवाल्याने अख्खं दार बदलायला सांगितलं आणि आकडा असा सांगितला की अप्पा तिथून पाणीही न पिता उठले. तेव्हापासून वहिनी मागच्या दाराने बसतात आणि पुढे सरकतात. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करून पर्यावरण करही भरून झालाय, म्हणजे आणखी काही वर्षं तरी गाडी कायदेशीर आहे. एका हँडलसाठी अडायचं?

तेव्हा मला सुचलं. "अहो, माझा भाचा मिशिगनला आहे. पुढच्या महिन्यात येतोय. शेव्हरोलेच्या माहेरालाच राहतो, त्याला सांगते स्पार्कचं हँडल आणायला." भाचा तिकडे शेव्हरोलेचीच विजेवरची बोल्ट चालवतो. २०२१ मध्ये बॅटरीला आग लागायच्या भीतीने सगळ्याच बोल्ट परत बोलावल्या होत्या आणि इतर गाड्यांपासून पन्नास फूट लांब उभ्या करा म्हणून सांगितलं होतं. पण त्याला पुढे बॅटरी नवीकोरी मिळाली, म्हणून तो खूष आहे.

वहिनींचा चेहरा उजळला. अप्पांनी मात्र मान हलवली.

"उपयोग नाही, ताई. तिकडची स्पार्क म्हणजे आपली बीट."

"म्हणजे?"

"आपल्याकडे मटीझला स्पार्क म्हणाले. तिच्या पुढची गाडी आली तिला आपल्याकडे बीट म्हणाले, आणि अमेरिकेत तीच २०१२ मध्ये नेली तेव्हा तिला नाव दिलं स्पार्क. तीही कोरियात बनलेली. तुमचा भाचा दुकानात जाऊन स्पार्कचं हँडल मागेल, दुकानदार प्रामाणिकपणे बीटचं देईल."

वहिनींनी कपाळाला हात लावला. धाकट्याने मात्र पिशवी खाली ठेवली. त्याच्या दारात जी पांढरी बीट आहे ती त्याने कामाला असतानाच घेतली होती, आणि बीटच्या मागच्या दाराचं हँडल कुठे असतं ते ठाऊक आहे ना? दारावर नाही, वर खिडकीच्या कोपऱ्यात लपवलेलं. पाहुणे दारावरून हात फिरवत राहतात आणि शेवटी पुढून आत चढतात.

"काकू," तो म्हणाला, "मग माझ्यासाठीच सांगा ना. मागचं, डाव्या बाजूचं. पोरांनी लोंबकळून तोडलंय."

"रंग कुठला सांगू?"

"काळंच असतं ते. आणि उजवंही मिळालं तर राहू दे, पोरं दोन आहेत."